बेचाळीस वाट्या आणि रावसाहेब मामा

माझ्या पीएचडीतली एकही बुरशी मी शोधलेली नाही.

सगळ्या रावसाहेब मामांनी शोधल्या.

मामा आमच्या बॉटनी डिपार्टमेंटचे लॅब अटेंडंट. मागच्या आठवड्यात गेले. आज देवगाव रंगारीला त्यांच्या घरी पुण्यानुमोदन होतं. तिथून आलेय, डोकं ठिकाणावर नाही. सांभाळून घ्या.

माझा विषय कप फंगस. कुजक्या लाकडावर, शेणावर उगवणाऱ्या इवल्याशा वाट्याच म्हणा ना. त्या गोळा करायच्या, वाळवायच्या, पाकिटात घालून, लेबल लावून हर्बेरियममध्ये, म्हणजे डिपार्टमेंटच्या नमुन्यांच्या संग्रहात ठेवायच्या.

कन्नड तालुक्यातल्या जंगलात मी चष्मा पुसत उभी. मामा पंधरा पावलं पुढं, पाचोळ्यात ओणवे.

"ताई, या इकडं. वाटी घावली."

मग हळूच फुंकर मारायचे. ताज्या वाटीतून बीजाणूंचा बारीक धूर निघतो.

"बगा, चहा गरम हाय अजून!"

दर वेळी हाच जोक. आणि दर वेळी मी हसायचे, शप्पथ.

वाटी वाळली की रंग जातो. लाल असो, केशरी असो, शेवटी तपकिरी. म्हणून रंग जागेवरच लिहायचा असतो.

मी आळशी. "फोटो काढलाय ना मामा!"

ते खिशातली डायरी काढून पेन्सिलनं लिहायचे.

थिसिसच्या ऐन तोंडावर माझा मोबाईल पावसात भिजून मेला. सगळे फोटो गेले. गाइड म्हणाले, ताज्या रंगाची नोंद नाही तर नमुने काय कामाचे?

मी लॅबमध्ये ढसाढसा रडले.

मामांनी चष्मा लावला, डायरी उघडली. "रडता कशाला? लिवा. पैली वाटी, पिकल्या टेंभराचा रंग. दुसरी, गेरूगत..."

ते वाचत गेले, मी लिहीत गेले. पीएचडी झाली.

आणि लेबलवर 'गोळा करणारे' समोर मी कुणाचं नाव लिहिलं?

माझं. बेचाळीसच्या बेचाळीस पाकिटांवर, फक्त माझं.

ती पाकिटं कपाटात मामांनीच लावली. वाचलं असणारच. एवढंच म्हणाले, "अक्षर लई ग्वाड हाय तुमचं."

पुढं मी तिथंच शिकवायला लागले. मामा रिटायर झाले. "मामा, तुमचं नाव टाकायचं राहिलंय, टाकते." सहा वर्षं मी हेच म्हणत राहिले.

आज त्यांच्या मुलीनं ती डायरी माझ्या हातात ठेवली. पहिल्यांदाच स्वतः वाचली.

प्रत्येक नोंदीखाली एक ओळ आहे. तेव्हा मला वाचून दाखवताना त्यांनी ती वाचलीच नव्हती.

"मला घावली. ताई संगं होत्या."

एका ठिकाणी आहे, "मला घावली. ताई घसरून पडल्या."

हसू आलं हो. आणि मग त्यांच्या मुलीच्या गळ्यात पडून रडले.

तशीच डिपार्टमेंटला आले. हर्बेरियमचा नियम आहे, जुनं लेबल खोडायचं नाही, दुरुस्तीची चिठ्ठी शेजारी चिकटवायची. हे मला मामांनीच शिकवलं होतं, हातातलं खोडरबर काढून घेऊन.

म्हणजे माझा खोटेपणा तिथं कायम दिसणार. दिसू दे.

चिठ्ठीवर त्यांचेच शब्द लिहितेय. "रावसाहेब मामांना घावली. मी संगं होते."

नऊ झाल्या. तेहेतीस राहिल्यात.

तुम्ही वाचायला होतात तेव्हाच लिहायला हवं होतं, मामा. चुकलं माझं.

जय भीम.