आबांची ऑनलाइन तालीम

मी पुण्याला कॉलेजला निघाले तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, चिपळूणच्या स्टँडवर आले होते. खांद्यावर मृदंग होता. तो नुकताच दुरुस्त करून आणला होता आणि संध्याकाळी देवळात शिमग्याच्या नमनाची, आमच्या कोकणातल्या नाच-गाण्याच्या खेळाची, तालीम होती. माझी ट्रंक चढवून ते म्हणाले, "बाय, मी निघतो. मंडळी खोळंबलीत." एसटी सुटायच्या आधीच गेले. घरातलं पहिलं पोर कॉलेजला चाललेलं आणि बापाला मृदंगाची घाई. ते मला फार वर्षं लागून राहिलं.

आता मी टोरांटोत असते. निरनिराळ्या देशांतल्या शिक्षकांना ऑनलाइन एकत्र कसं काम करायचं, गट कसा चालवायचा, हे गाण्या-नाचातून शिकवते. अलोऱ्याजवळच्या आमच्या वाडीत हे काम कसलं, ते मला कुणाला नीट सांगता आलं नाही.

गेल्या वर्षी नमन बंद पडायची वेळ आली. नाचणारे सगळे मुंबईला, तालमीला माणूस नाही. "यंदा नाय झालं तर कायमचंच गेलं," आबा फोनवर म्हणाले. मी म्हटलं, हे तर माझंच काम.

रविवारी माझी सकाळ, त्यांची दिवेलागण. स्क्रीनवर बारा खिडक्या. आबांनी ठेका धरला, पण तो प्रत्येकाकडे वेगळ्या वेळी पोचला आणि पाय विस्कटले. मी वर्कशॉपच्या सवयीने सगळ्यांना म्यूट करून सूचना द्यायला लागले.

"सगल्यांची तोंडां कशाला बांधलीस? गुरं हायत काय?" आबा म्हणाले. "एकेकाला नाचूं दे. सुधीर, तू ये."

सुधीर एका सोसायटीचा वॉचमन. केबिनबाहेर नाचत होता, सारखा चुकत होता. तो चुकला की आबा ठेका हळू करायचे.

"आबा, सुद्या गेट सोडून नाचतोय. चोर घुसतील," कुणीतरी म्हणालं.

"घुसूंदेत. त्यांनापन पाय शिकवू."

मी चाळीस मिनिटं आखली होती. ती एकट्या सुधीरवर गेली. जे मी इतकी वर्षं स्लाइडवर दाखवत होते, ते आबा मृदंगावर करत होते. स्टँडवरची ती संध्याकाळ आठवली. तेव्हाही देवळात असाच कुणी सुधीर पाय उचलून थांबला असेल.

शिमग्याला सगळे गावी आले, नमन झालं. मी ते व्हिडिओत पाहिलं. सुधीर पुढच्या रांगेत होता.

तालमी संपल्या, रविवार राहिला. आता खिडक्या दोनच असतात. बोलणं संपलं तरी आबा स्क्रीनसमोरून हलत नाहीत.

"आबा, लाल बटण दाबा."

"आधी तू जा. तू गेलीस की मी उठतो."

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मला ते वाक्य आठवतं. दर रविवारी मी बटणावर बोट ठेवते, आणि जरा खोळंबते.