दार मात्र शाबूत

किल्लीमामांचा धंदा कुलपांचा आणि अभिमान दारांचा. दंगलीच्या काळात पोलीस लाथा घालून दारं मोडायचे, पोलीस दमले की जमाव मोडायचा. मग अध्यक्ष आले, शिस्त आली. आता कुणाला उचलायचं असलं की जीप आधी मामांच्या दुकानाशी थांबे. मामा दोन तारा आत सरकवत, कान लावत; कुलूप गपगुमान शरण येई. "याला म्हणतात स्थैर्य," चहा फुंकत ते गिऱ्हाइकांना सांगत. "माणूस जातो, दार मात्र शाबूत!"

बहिणीकडे जेवायला गेले की भाचीशी जुंपायचीच. ती शाळेत शिकवायची आणि नकला तर अशा करायची, की समोरच्याला ठसका लागावा. पोटाला उशी बांधून अध्यक्ष व्हायची. "माझ्या लेकरांनो, मी तुम्हाला झोप दिली. डोळे उघडाल तर खबरदार!"

बहीण हसता हसता खिडकी लावून घ्यायची.

"हसा," मामा फणकारत. "माझं दुकान जळालं, तुझी आई तुला घेऊन पलंगाखाली दडली, तेव्हा या माणसानेच रस्ते शांत केले."

"आणि आता तू ज्यांची कुलपं उघडतोस, ती माणसं कुठे जातात, मामा?"

"ते मी बघत नाही. जिन्याकडे तोंड करून उभा राहतो."

बहिणीच्या दाराला कुलूप मामांच्याच हातचं. "माझ्याशिवाय कुणाच्या बापाला उघडणार नाही," हे दुकानात येईल त्याला ऐकवून झालेलं. जीपवाल्यांनासुद्धा.

एका दुपारी जीपने ओळखीची वळणं घेतली. जिनाही ओळखीचा निघाला. मामांनी तारा घातल्या, काढल्या, कपाळ पुसलं. "साहेब, हे काही उघडत नाही."

अधिकारी मनापासून हसला. "अहो मामा, हे तुमचंच ना? कुणाच्या बापाला वगैरे?" मग हलक्या आवाजात, "घण आणला की गर्दी जमेल, आरडाओरडा होईल, आमच्या पोरांचा हात उठेल. तुम्हालाही शांततेतच हवं असतं ना?"

तारांची खुडबुड ऐकून आतून बहीण म्हणाली, "दादा, तूच आहेस ना रे? मग ठीक. घाबरलेच होते मी."

मामांनी कुलूप उघडलं.

भाचीला नेलं तेव्हा ते सवयीने जिन्याकडे तोंड करून उभे होते. ती शेजारी थांबली आणि थेट त्यांच्याच आवाजात, चहा फुंकल्यासारखं करून म्हणाली, "माणूस जातो, दार मात्र शाबूत!" इतकं हुबेहूब, की शिपायांनाही हसू आवरेना.

संध्याकाळी बहिणीने ते कुलूप दुकानाच्या पायरीवर आणून टाकलं. तिनेच ते पहारीने दारातून उचकटलं होतं. कुलपावर ओरखडा नव्हता. स्क्रूंना दाराच्या ढलप्या चिकटल्या होत्या. ती वळून चालू लागली.

सकाळी जीप आली. मामा धावतच गेले. "साहेब, माझ्या भाचीचं काही..."

"बघू की. बसा आधी, एवढं काम आटपून येऊ."

मामांनी तारा खिशात घातल्या आणि बसले.