न सोडायची गाठ

दिवाळीनंतर आमच्या शेतात धानाची मळणी चालू होती. माझा भाऊ फौजेतून सुटीवर आला होता. मशीनचं पातं तुटलं आणि त्याच्या मांडीत घुसलं. त्याने दुपट्टा मागितला, मांडीला बांधला, गाठीत काठी घालून पिळला. रक्त थांबलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काकाने ती गाठ सोडली. आरमोरीचा दवाखाना यायच्या आत भाऊ गेला.

मी तेव्हा चंद्रपूरला होते, कॉलेजच्या लायब्ररीत, माझ्या नोकरीच्या जागी. हे सगळं मला काकानेच सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून.

भाऊ फौजेत जखमींची शुश्रूषा करणारा होता. घरी आला की अंगणातल्या खाटेवर पालथा पडून मोबाइलवर लढाईचा गेम खेळायचा. त्याच्या आदल्या सुटीतली एक दुपार मला आठवते.

"बाई, हे पाह्य," तो म्हणाला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. पडद्यावरचा शिपाई गोळी लागून पडला होता. भावाने बटण दाबलं. शिपायाच्या अंगात एक सुई गेली, हिरवा उजेड पडला आणि तो उठून पळायला लागला.

"असं होते का कुठी?"

"उठून पळत नाई. पण बाकीचं होऊन राह्यलं आता."

मग तो खाटेवर उठून बसला आणि सांगत सुटला. एक जाड सिरिंज असते, तिच्यात औषध नसतं, स्पंजच्या बारीक गोळ्या असतात. खोल जखमेत त्या ढकलल्या की रक्त पिऊन फुगतात आणि आतूनच बूच बसतं. रक्तातला पातळ भाग सुकवून त्याची भुकटी करतात. ती पिशवीत घालून डोंगरावर न्यायची आणि तिथे पाण्यात कालवून शिरेतून द्यायची. रक्ताच्या पिशव्या ड्रोनने पोचवतात. झिंग्यांच्या टरफलापासून काढलेला एक पदार्थ पट्टीत भरतात, त्याने रक्त लवकर गोठतं. यातलं काही त्याने स्वतः हाताळलं होतं, काही फक्त व्हिडिओत पाहिलं होतं. कोणतं कशातलं, तेही तो सांगायचा. फुशारकी मारणं त्याला जमत नसे.

आई सुपात सुके झिंगे निवडत बसली होती. तिने मान वर केली. "म्हणजे माह्या चटणीतले झिंगे?"

"चटणीतले नाई वो आई. त्याईचे भाऊबंद."

"मंग चटणीच लावत जा ना जखमेवर. सस्ती पडन."

तो इतका हसला की गेममधला शिपाई पुन्हा मेला.

हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "पण या साऱ्याच्या आंधी पट्टा. हातापायातून रक्त उडून राह्यलं तर पट्टा बांधाचा, त्याची दांडी पिळाची, अन् डाक्टरशिवाय कोनी सोडाची नाई. गेममधे हे दाखवत नाईत. पट्टा आवळला का मानूस बोंबलते. कोन खेळन मंग?"

काकाने गाठ का सोडली, हे आमच्या बाहेरच्या माणसाला कळणार नाही. धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, साप फार. माझ्या काकूला बऱ्याच वर्षांपूर्वी बांधीत साप चावला तेव्हा जाणत्यांनी पोटरीला सुतळी आवळून बांधली आणि ती तशीच ठेवली. विषातून काकू वाचली, पण पाऊल काळं पडलं आणि कापावं लागलं. पुढे गावात आरोग्याचं शिबिर झालं. साप चावला तर आवळून बांधू नका, असं तिथे सांगितलं. काकाने ते मनावर घेतलं. कुठेही साप चावल्याचं कळलं की तो धावत जायचा, बांधलेली दोरी कापायचा आणि माणसाला गाडीत घालायचा. माणसं वाचली त्याच्यामुळे. त्या दिवशी ट्रॉलीत भावाची शुद्ध गेली. त्याआधी तो 'सोडू नका' म्हणाला होता. पण पाऊल थंड पडलं, बोटं निळी झाली आणि काकाला काकूचा पाय दिसला.

"थोडी ढील देल्ली, माय," काका पायरीवर म्हणाला. "पाय जाईन म्हून."

मला काकाचा राग आला. तो काही महिने टिकला. त्याहून जास्त टिकला आणि अजून आहे तो राग सांत्वनाला येणाऱ्यांचा. ते सगळे एकच वाक्य घेऊन आले: वेळ आली होती. शिकलेले तेच म्हणाले, न शिकलेले तेच म्हणाले. मी चहा दिला, ऐकून घेतलं आणि मान हलवली नाही. वेळ आलीच नव्हती. आलेली वेळ भावाने स्वतःच्या हाताने, एका दुपट्ट्याने आणि काठीने अडवून धरली होती. हे मी कुणालाही पुसू देणार नव्हते. झिंग्यांची पट्टी आणि ड्रोनमधलं रक्त सरहद्दीवर पोचतं, मग आरमोरीच्या रस्त्यावर साधा पट्टासुद्धा का नसावा, हेही मला कुणी सांगितलं नाही. आमच्या मांडीत वाहतं ते काही निराळं रक्त नाही.

पहिला स्मृतिदिन आला. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाच्या नावाने विहाराला पंखा देतात. पात्यांवर नाव रंगवलेलं असतं आणि पंखा फिरू लागला की नाव दिसेनासं होतं. मी पंखा द्यायचा नाही असं ठरवलं. भावाच्या तुकडीतल्या मित्राला फोनवर विचारून दांडीचे पट्टे मागवले आणि कसे बांधायचे ते शिकून घेतले.

"पट्टे कोन टांगते विहारात?" शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. "बाई, उन्हाळ्यात पट्ट्यानं वारा घ्याचा का?"

आईचं म्हणणं वेगळं होतं. चुलीपुढे बसून ती हळूच म्हणाली, "तू साऱ्याईसमोर हे सांगशीन तर तुह्या काकाले गावात तोंड दाखवाले जागा राहनार नाई. एक गेला. जित्याले काऊन मारतं?"

"नाव घेणार नाही," मी म्हणाले. "पण गाठ सांगणार."

वंदना झाली, पंचशील झालं. मी उठले. मला चार माणसांत बोलता येत नाही, त्यामुळे थोडंच बोलले. साप चावला तर बांधू नका, हे बरोबरच आहे. पण रक्त उडत असेल तर बांधा, आणि बांधलेलं सोडू नका.

मागून एकजण म्हणाला, "तवा म्हने बांधू नका, आता म्हने बांधा. तुमचं एक काय ते ठरवा ना, बाई!" लोक हसले.

बांधून दाखवायला मला एक पाय हवा होता. कुणी पुढे आलं नाही. मग भिंतीजवळून काका उठला. खुर्चीवर येऊन बसला आणि धोतर मांडीवर सारलं.

"माह्या पायाले बांध."

मी पट्टा चढवला आणि दांडी पिळली. त्याचे दात एकमेकांवर बसले. आणखी पिळली. बायकांतून कुणी ओरडलं, "सोड ना वो, म्हातारा मरन!"

"सोडजो नको," काका म्हणाला. मग लोकांकडे वळून म्हणाला, "'सोडू नका', असंच म्हनत होतं पोरगं. म्या सोडली. पाय जाईन म्हून सोडली, अन् पोरगं गेलं. सापाले बांधू नका. रक्ताले बांधा. डाक्टर म्हनीन तवाच सोडा."

कुणी हसलं नाही. आई पदर तोंडाला लावून बसली होती. मी दांडी उलटी फिरवली. काकाच्या मांडीवर लाल वळ उठला होता. मघाशी मागून बोललेला तो माणूस पुढे आला आणि म्हणाला, "आता मले बांधून दाखवा."

भावाच्या फोनमध्ये तो गेम अजून आहे. मी उघडत नाही. एक पट्टा विहारात आहे, एक मळणीच्या मशीनजवळच्या खांबाला असतो. त्यांवर नाव घातलेलं नाही. यंदाची मळणी झाली. पट्टा लागला नाही. काकाने त्यावरचा भुसा झटकला आणि तो परत खिळ्याला लावला.