डंकनसाहेबांचं जॅकेट मी धुतलं

जे जॅकेट दुसऱ्या महायुद्धातून धडधाकट परत आलं, ते बहरीनमधल्या सनद भागातल्या आमच्या घरी वॉशिंग मशीनमध्ये मी स्वतःच्या हातानं टाकलं.

डंकनसाहेब मूळचे स्कॉटलंडचे. विशीत त्यांनी युद्धात विमान चालवलं, युद्ध संपल्यावर वकिली शिकले आणि एक बॅग घेऊन बहरीनला आले, ते इथेच राहिले. तिथल्या अदलिया भागातल्या त्यांच्या लहानशा ऑफिसात मी टायपिंगपासून चहापर्यंत सगळं बघायचो. ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा साहेब सत्त्याऐंशीचे होते. आम्हा दोघांचा व्हिसा एकाच महिन्यात रिन्यू व्हायचा, आणि दर वेळी फॉर्मवर सही करताना ते म्हणायचे की मेश्राम, तू आणि मी दोघंही इथले पाहुणेच. नागपूरकडच्या आमच्या कितीतरी पोरांची अडकलेली कागदपत्रं या माणसानं एक शब्द न बोलता सोडवून दिली होती.

म्हणून ते कायमचे परत निघाले तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळानं निरोप समारंभ ठरवला. शुक्रवारी संध्याकाळी. शाल, पुष्पगुच्छ आणि साहेबांचं स्वतःच्या आयुष्यावर भाषण. आता अडचण अशी की साहेबांची आठवण त्या वयात दगा द्यायची. नावं निसटायची, गावं निसटायची. पण युद्धातलं ते जॅकेट मांडीवर घेतलं की सगळं सुरळीत. मेंढीच्या कातड्याचं होतं ते, आत जाड लोकर, आणि अंगभर डाग. साहेब एका डागावर बोट ठेवायचे, त्याची गोष्ट सांगायचे आणि पुढच्या डागावर सरकायचे. चौदा वर्षं चहाच्या वेळी मी हे ऐकत होतो. (म्हणजे ऐकल्यासारखं तोंड करून बसत होतो.)

त्या जॅकेटची चेन तुटली होती. आमच्या गल्लीतले रफीकभाई टेलर ती बसवून देतील म्हणून मी ते घरी आणलं. गुरुवारी चेन बसली. शुक्रवारी सकाळी जॅकेट पलंगावर पडलं होतं आणि त्याला साठ-पासष्ट वर्षांचा वास येत होता.

माझ्या आईनं आम्हाला एक वळण लावलं आहे. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही आणि कोणाची वस्तू मळकी परत करायची नाही. माझी बायको प्रज्ञा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. ड्युटीवर निघताना तिनं माझा चेहरा ओळखला.

"जसं आणलं तसं नेऊन द्या," ती म्हणाली. "आपलं शहाणपण लावू नका."

मी हो म्हटलं. ती गेली आणि मी शहाणपण लावलं.

डाग म्हणजेच साहेबांचं भाषण, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण माझा हिशेब सरळ होता. आमच्या टेबलक्लॉथवरचा हळदीचा डाग चार वर्षं निघाला नाही, तर युद्धातले डाग कसले निघतात? वास तेवढा जाईल. तरी हात आखडता नको म्हणून पावडर दोन चमचे जास्त घातली आणि पाणी गरम ठेवलं. तासाभरानं झाकण उघडलं, आणि त्या पावडरीच्या डब्यावर जे लिहिलं होतं ते पहिल्यांदाच खरं झालेलं मी पाहिलं. एक डाग शिल्लक नव्हता.

मी घाबरून जॅकेट गच्चीवर नेलं. जुलैचं ऊन. दोन तासांत ते पापडासारखं कडक झालं आणि भिंतीला न टेकता आपलं आपण उभं राहिलं. आठ वर्षांच्या मैत्रीनं, म्हणजे आमच्या पोरीनं, त्याच्याभोवती एक चक्कर मारून विचारलं, "पप्पा, इज इट डेड?"

कातडं मऊ करायला मी अर्धी बाटली खोबरेल तेल चोळलं. आखडलं होतं, म्हणून ताणायला अंगात घातलं. तेलामुळे आत तर सर्रकन गेलो. आणखी ताण बसावा म्हणून चेन गळ्यापर्यंत ओढली. तिथे ती जी अडकली, ती अडकलीच. दोन्ही हात बाजूला, हवेत. तसाच रफीकभाईंच्या दुकानापर्यंत गेलो. शुक्रवार. म्हणजे इथली सुट्टी. शटर बंद.

प्रज्ञा परत आली. दारातच थांबून तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"धुतलं ना?"

"हो."

"मले माहीत होतं," ती म्हणाली, आणि कात्री घेऊन आली. पण मी कापू दिलं नाही. डाग तर गेलेच होते, निदान जॅकेट तरी अख्खं राहू दे म्हटलं. साडेपाच वाजून राहिले होते. शेवटी तिनं गाडी चालवली आणि मी मागच्या सीटवर आडवा झालो, कारण बसता येत नव्हतं.

हॉलच्या दाराशीच साहेब भेटले. आधी त्यांना खोबरेलाचा वास आला, मग मी दिसलो. त्यांनी जवळ येऊन माझी कॉलर चाचपली.

"इथलं तेल कुठे गेलं?"

"मी धुतलं, साहेब."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते कॉलरकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "मग आता मी काय सांगू, मेश्राम?"

आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कॉलरवर इंजिनचं तेल होतं, साहेब. पहिल्याच उड्डाणात उडालं होतं. तुम्हाला वाटलं, रक्त आहे."

साहेबांनी मान वर केली. म्हणाले, "तू ऐकत होतास?" ऐकत होतो हे मलाही तेव्हाच कळलं.

मग आमचं भाषण तसंच झालं. मी स्टेजवर हात पसरून उभा, आणि साहेब माझ्या अंगावर बोट ठेवत सांगताहेत. अडले की पहिलं वाक्य मी पुरवायचो. उजव्या बाहीवर चहा. एका मोहिमेवरून परत आल्यावर हात इतके थरथरत होते की कप धरवला नाही. खिशावर शाई. बिनशेगडीच्या खोलीत हेच जॅकेट घालून वकिलीचा अभ्यास केला, तेव्हा पेन गळलं. शेवटी त्यांनी माझ्या काखेकडे बोट केलं.

"बहरीनला उतरलो तेव्हा बॅगेत जागा नव्हती, म्हणून हे अंगात घालून आलो," ते म्हणाले. "जुलै होता. घामाची रेघ उमटली. ही काय, आहे की अजून."

खरंच होती. ओली, ताजी.

"साहेब, ती माझी आहे," मी म्हटलं.

"काय फरक आहे?" ते म्हणाले.

 हॉलमधले सगळे एक बॅग घेऊन आलेलेच होते. मंडळाच्या अध्यक्षांनी डोळे पुसले आणि साहेबांच्या खांद्यावर शाल घातली. साहेबांनी ती काढली, घडी मोडली आणि जॅकेटवरून माझ्याभोवती चांगली घट्ट गुंडाळली. म्हणाले, "ही शिक्षा. आता खलास."

रात्री आठला रफीकभाईंनी दुकान उघडून, चेन कापून मला बाहेर काढलं. जाताना साहेब जॅकेट माझ्याकडेच ठेवून गेले, वर वकिली थाटाची चिठ्ठी: गोष्टी तुझ्यापाशी आहेत, म्हणून वस्तूही तुझ्यापाशी, अट एकच, धुवायचं नाही.

ते अजून आमच्या कपाटात आहे. मैत्री आता मोठी झाली. पाहुणे आले की ती जॅकेट काढून साहेबांचं आयुष्य क्रमानं सांगते: इथे तेल होतं, इथे चहा होता, इथे शाई होती. मग काखेतल्या त्या घामाच्या, वाळून पांढऱ्या झालेल्या रेघेवर बोट ठेवते आणि म्हणते, "अँड दिस वन इज पप्पा." एवढ्या मोठ्या माणसाच्या आयुष्यातले सगळे डाग गेले, उरलो तो मी एकटाच.