लेपाखालचे फुगे

पनवेलच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेचे मदतनीस धर्मराज कोळी मूळचे करंजाचे. त्यांच्या घरी मासळी सुकवत. वारा लागेल तितका बरा. नोकरीत नेमकं उलटं. काळ्या फॉस्फरसचे अतिपातळ पापुद्रे दमट हवेत राहिले, तर त्यांवर फुगे येतात आणि ते विरून जातात. म्हणून ते नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत ठेवत. हवा-पाणी रोखणारा लेप तयार करायचं काम नशरा या तरुण संशोधिकेकडे होतं.

२०१६च्या खंडेनवमीला धर्मराजनी दरवर्षीप्रमाणे यंत्रांची पूजा केली. पूजेला यंत्र थांबलेलं हवं, म्हणून त्यांनी पेटी बंद केली, बाजूचं दार उघडून आत झेंडूचं फूल ठेवलं. नमस्कार झाल्यावर ते काढलं आणि पेटी पुन्हा सुरू केली. नशराने सुट्टीआधी सोलून ठेवलेले सगळे पापुद्रे आतच होते.

दसऱ्यानंतर तिने त्यांवर लेप दिला. काही दिवसांत लेपाखाली फुगे दिसले. तिने लेपाची कृती बदलून त्याच साठ्यातल्या उरलेल्या पापुद्र्यांवर दिला, तरी तेच.

"पेटीत हवा नाही, मग लेपाच्या आतून फुगतंय कसं?" ती एकदा स्वतःशीच बोलली. धर्मराजना त्याच क्षणी कळलं: पूजेला दार उघडलं तेव्हा दमट हवा आत शिरली होती. ते कपबशा उचलून बाहेर गेले.

दिवाळीनंतर ती म्हणाली, "काका, लेपच गचाळ आहे माझा. सर म्हणतात, विषय सोड."

त्यांनी घरी बायकोला सगळं सांगितलं. शांती म्हणाली, "त्या पोरीचं काम बुडतंय नि तुमी गप? नोकरीला भ्यालात?"

"तसं नाय."

"मंग कसं हाय?"



सकाळी ते नशरासमोर उभे राहिले. "बाय, पेटी मी उघडली व्हती. पूजेला. तुझा माल आत व्हता."

"या अल्लाह!" तिने हातातला चिमटा खाली ठेवला. "आणि रोज चहा देताना विचारायचात, आज जमलं का?"

तिने सरांना कारण सांगितलं, मुदत मागितली. नवे पापुद्रे सोलले आणि त्यांवर अगदी पहिल्या कृतीचा लेप दिला. मग ते उघड्यावर, पाण्याच्या बशीत ठेवले. आठवडे गेले. तिने धर्मराजना सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं.

"बघा काका, एक फुगा नाही. पहिलाच लेप बरोबर होता!"

ती हसत होती. धर्मराज भिंगावर वाकले ते तसेच राहिले. मान वर करून तिच्याकडे बघणं त्यांना जमेना.