जर्मनीचा कॉलम

रोह्याच्या आमच्या कंपनीत तो वेल्डर होता, मूळचा गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या हमरापूरचा. माझ्या प्रयोगशाळेतला, मिश्रणं उकळून वेगळी करण्याचा कॉलम त्याने साच्याशिवाय, स्टीलची तार थरावर थर वितळवत उभा केला. थर निवला की टिचकी मारून कान लावायचा. "हाय, बोलतंय." वाफेचं भोक मात्र सगळ्यात शेवटी पाडलं. "गणपतीचे डोले पन आमी शेवटीच काढतो."

कंपनी बघायला आलेल्या पाहुण्यांना मोठे साहेब म्हणाले, "जर्मनीहून मागवलाय." तो दारातच उभा होता. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलम रोज वाढताना मी पाहिला होता, तरी मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर त्याने फडक्याने कॉलमवरचे आपल्या बोटांचे काळे ठसे पुसले आणि मला म्हणाला, "बघा सायेब, कुठं राह्यला तर नाय?"