कपाटातल्या दोन फ्लॉप्या

फ्लॉपीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. घर इंदिरानगरला, सायकलने वीस मिनिटं. त्यामुळे लॅबमध्ये पहिला येणारा मी आणि शेवटी जाणाराही मीच. अक्षर चांगलं, जर्नल वेळेवर, उलट बोलणं नाही. सरांनी दुसऱ्या वर्षी किल्ली दिली ती पदवी मिळेपर्यंत माझ्या खिशात राहिली. ती राहावी म्हणून मी काय केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नाशकात कॉम्प्युटरची पदवी नुकतीच सुरू झालेली. माझ्या वडिलांचं तिथल्याच द्वारका चौकात ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आमचे बाकीचे भाऊबंद गावाकडे शेतीत. कॉम्प्युटर शिकून मुलगा नेमकं काय करणार, हे वडील गिऱ्हाइकांना सांगू शकत नसत. पण सांगत मात्र रोज असत.

लॅबमध्ये चार मशिनं. खोलीला एसी, म्हणून चपला बाहेर. लॅब सांभाळणारे काका दारातच बसलेले असत आणि आत जाणाऱ्याच्या पायांकडे बघत. प्रत्येक जोडीला आठवड्यातून तीनदा पाऊण तास मशीन मिळायचं. बाकीचं सगळं कागदावर. फुलस्केपवर प्रोग्रॅम लिहायचा, पेन्सिलीने ओळीओळीने चालवून बघायचा, मग मशीनवर जाऊन टाइप करायचा. मशीनच्या पोटात काही साठत नसे. काम राहायचं ते फ्लॉपीवर: काळी, चौकोनी, पातळ तबकडी, तिच्या कडेला एक लांबट खिडकी, आणि त्या खिडकीतून आतला तपकिरी भाग उघडा दिसायचा. तिथे बोट लावायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. फ्लॉप्या लॅबबाहेर न्यायच्या नाहीत, हा दुसरा नियम.

माझा जोडीदार इगतपुरीहून रोज पॅसेंजरने यायचा. वडील रेल्वेत गँगमन, रुळांची देखभाल करणारे, राहायला रेल्वेचं क्वार्टर. एसीची सवय नव्हती म्हणून तो मशीनसमोर मफलर गुंडाळून बसायचा. गाडी उशिरा आली की तोही उशिरा, मग वर्गातून कुणीतरी म्हणायचं, "आली का रे पॅसेंजर?" तोही म्हणायचा, "आली, पण इंजिन घाटातच ऱ्हायलं." त्याचे फुलस्केप बघितले की कळायचं, कुठली ओळ गाडी चालू असताना लिहिली आणि कुठली स्टेशनात थांबल्यावर. थांबल्यावरची अक्षरं सरळ असत.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही दोघांनी मिळून घेतला, असं म्हणायचं. विषय त्याचा. पावसाळ्यात घाटात रुळांवरून पायी गस्त घालावी लागते; दरड आली का, रुळाखालची खडी वाहून गेली का, ते बघायला. त्या गस्तीच्या पाळ्या मुकादम लावायचा, आणि वाईट पाळ्या ठरावीक चार-पाच घरांनाच यायच्या. त्याच्या वडिलांचं घर त्यांतलं. त्याने पाळ्या लावणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कोण किती रात्री गेला, कोण आजारी, कुणाची रजा, सगळं लक्षात ठेवून पुढचा महिना मांडायचा. मला म्हणाला, "मशीनला कोण कुणाचा ते कळत नाय ना. ते सरळ पाळी लावंल."

प्रोग्रॅम त्याने लिहिला. मी आकृत्या काढल्या, अहवाल लिहिला, जर्नल पूर्ण केलं. नावं दोघांची.

आमच्या फ्लॉप्या दोन, एक मूळ आणि एक नक्कल. पाळी संपत आली की शेवटची पाच मिनिटं तो नक्कल करण्यात घालवायचा. कितीही काम अडलेलं असो. प्रिंटरची रिबन गणपतीपासून संपलेली होती, म्हणून छापील कागद नव्हता. जे होतं ते त्या दोन तबकड्यांवर. त्याआधी एकदा लॅबमध्ये कुणाच्या तरी फ्लॉपीवर दुसऱ्याचंच काम चढलं होतं. घाबरून हा आमची नक्कल एक दिवस घरी घेऊन गेला होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दप्तरात वहीच्या आत. सरांना कळलं. सगळ्यांसमोर त्याला झापलं. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी परत आली, आणि पुढे दोन महिने ती उत्तम चालली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण तेव्हा बोललो नाही.

दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी लॅबची पूजा. वर्कशॉपमध्ये लेथला हार, ड्रॉइंग हॉलमध्ये टी-स्क्वेअरला, तसा आमच्याकडे मशीनला. झेंडूच्या माळा, नारळ, मॉनिटरवर गंधाचं बोट. जोडीदार नव्हता, तो दरवर्षीप्रमाणे घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. सर म्हणाले, सगळ्यांच्या फ्लॉप्याही ठेवा पूजेत, वर्ष चांगलं जाऊ दे. किल्ली माझ्याकडे, हळदी-कुंकवाची कुयरी आईने दिलेली, तीही माझ्याकडे. मी पाटावर फ्लॉप्या मांडल्या. कागदी पाकिटावर कुंकू लावणं मला अर्धवट वाटलं. देवाला कुणी झाकून ओवाळतं का? म्हणून मी त्या पाकिटांतून बाहेर काढल्या आणि पाण्यात कालवलेलं कुंकू एकेकीला लावत गेलो. वर, लेबलाजवळ. आमची मूळ फ्लॉपी आली तेव्हा मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि बोट खाली घसरलं. थेट खिडकीत.

तपकिरी भागावर लाल ओघळ. मी रुमालाने पुसला. तो पुसला गेला नाही, पसरला. खिडकीतून दिसू नये म्हणून तबकडी आत थोडी फिरवली, आणि डाग नजरेआड गेला. मागे आरती सुरू झाली होती. मी फ्लॉपी पाकिटात घातली. नक्कल बाजूला होती. तिला मी पुन्हा हात लावला नाही. ती स्वच्छ होती. मी नीट बघितलं होतं.

दसऱ्यानंतर तो आला. आमची पाळी सकाळची. मी ठरवलं होतं सांगायचं. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. पण काका दारात होते, शेजारच्या मशीनवर दुसरी जोडी होती, आणि सर आत-बाहेर करत होते. मला वाटलं, वाचेलही कदाचित. त्याने मूळ फ्लॉपी घातली. ड्राइव्हमधून आवाज आला, पाट्यावर कोरडी मिरची वाटावी तसा. पडद्यावर ओळ आली: वाचता येत नाही. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तोच आवाज. सात-आठ वेळा त्याने प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी ते वाळलेलं कुंकू ड्राइव्हच्या आतल्या, फ्लॉपी वाचणाऱ्या डोक्यावर घासून तिथेच चिकटत राहिलं. हे मला कळत होतं. त्या ड्राइव्हची वर्गात सर्वांत चांगली आकृती मीच काढलेली.

मग तो मफलर सोडत म्हणाला, "असू दे. नक्कल हाय ना."

त्याने पहिली काढली, दुसरी उचलली. मी त्याच्या खुर्चीच्या मागे, पाठीवर हात ठेवून उभा होतो. त्या ड्राइव्हमध्ये नको, हीही खरवडली जाईल, एवढंच म्हणायचं होतं. शेजारी तीन मशिनं होती. तो विचारेल का नको, आणि मग सांगावं लागेल. आणि सर तिथेच होते. त्याने फ्लॉपी आत सरकवली, दांडी खाली केली.

आवाज तोच आला.

त्या दुपारी सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ड्राइव्ह निकामी झाला होता, मुंबईहून माणूस यायला महिने लागणार होते, आणि वरच्यांना उत्तर द्यायचं होतं. काका म्हणाले की ह्याने मागे फ्लॉपी घरी नेली होती, गाडीतून. विजेच्या इंजिनाजवळ चुंबक असतं, सगळं खराब होतं. सर माझ्याकडे वळले.

"तू सांग. नेली होती ना त्याने बाहेर?"

"हो सर. एकदा नेली होती."

खरं तेच बोललो. आयुष्यात इतकं खोटं मी कधी बोललो नाही. सर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ह्यांना नियम म्हटले की नकोच असतात." हे 'ह्यांना' म्हणजे कुणाला, ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नव्हे. परीक्षेत शेजारचा पेपर सरकवेल का, असं बघतात तसा.

दोन दिवस तो माझ्याबरोबर सावलीसारखा होता. चहाला आला, ग्रंथालयात समोर बसला. प्रोग्रॅमबद्दल बोलला, गाडीबद्दल बोलला. मी उत्तरं दिली. तिसऱ्या दिवसापासून तो वेगळा बसायला लागला.

त्याने आठवून-आठवून फुलस्केपवर पुन्हा लिहायला घेतलं. मशिनं आता तीनच, आणि त्याची पाळी सरांनी बंद केलेली. माझी पाळी मी त्याला देऊ शकलो असतो. दिली नाही, सरांना आवडलं नसतं. सत्र संपताना माझी टर्म ग्रँट झाली, अहवाल आणि जर्नल पूर्ण होतं म्हणून. त्याची सरांनी अडवली, फ्लॉपी बाहेर नेल्याचा ठपका ठेवून. परीक्षेला बसता आलं नाही, वर्ष गेलं, वर्ष गेलं म्हणून शिष्यवृत्ती गेली. पुढच्या जूनमध्ये तो आला नाही. कुणीतरी म्हणालं, रेल्वेत लागला, गँगमध्ये.

मला त्याच कॉलेजात सरांनी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेतलं. तिथून आजवर मी हेच शिकवत आलो.

पंधरा-सोळा वर्षांनी मी इगतपुरीला गेलो. सांगायचं म्हणूनच गेलो. त्याचं क्वार्टर शोधायला वेळ लागला नाही. तो आता मुकादम झाला होता, केस गेलेले, हाताचे तळवे दगडासारखे. चहा झाला. मी सुरुवात केली, त्या दसऱ्याच्या पूजेत... पण त्यानेच मला थांबवलं.

"कुंकू. म्हाईत हाय मला. दुसरी फ्लॉपी काढली तवाच बोटाला लाल लागलं व्हतं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस.

"काय बोलणार? पूजेनं मशीन बिघडलं, असं मी म्हणायचं? मी?" तो हसला. "तू बोलशील वाटलं. दोन दिवस वाट बघितली. मंग म्हटलं, त्याला तरी कुठं म्हाईत असंल. पूजेत लागलं, लागलं. तुला ठावं असतं तर दुसरी घालताना तू हात धरला असता माझा. मागंच तर उभा व्हता."

मी म्हणालो, "हो ना."

त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते समाधान होतं. इतकी वर्षं त्याने मला तेवढ्या एका गोष्टीवर माफ करून ठेवलं होतं, आणि मी ते गुपचूप घेतलं. निघताना त्याने भिंतीला टांगलेली एक वही काढून दाखवली. पावसाळी गस्तीच्या पाळ्या, हाताने आखलेल्या, महिन्यामागून महिने. कुणाच्या वाट्याला एक रात्रही जास्त नव्हती. म्हणाला, "प्रोग्रॅम डोक्यात व्हता, मंग हातानंच चालवतो. वेळ लय जातो."

त्या भेटीलाही आता बरीच वर्षं झाली. माझ्यासारखाच तोही निवृत्तीला आला असेल. मी अजून दसऱ्याच्या आदल्या दिवशी विभागाच्या पूजेला उभा राहतो. कुयरी पुढे येते, मी ती पुढच्याकडे देतो, आणि कुणी काही विचारत नाही. इगतपुरी गाडीने तासाभरावर आहे. हे सगळं मी इथे लिहिलं, तिकडे गेलो नाही. जाईन असंही आता वाटत नाही.